वर्गमित्राची पतसंस्था आणि मुलाचा म्युच्युअल फंड

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कृष्णाकाठच्या एका तालुक्यातील ६२ वर्षांचे गृहस्थ सहकारी साखर कारखान्यातून लिपिक म्हणून निवृत्त झाले आहेत. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि जुनी शिल्लक मिळून २८ लाख रुपये हाती आले. त्यांपैकी १६ लाख रुपये गावातील पतसंस्थेत साडेनऊ टक्के व्याजाने ठेवले असून त्यांच्या चार-चार लाखांच्या चार पावत्या आहेत. जिल्हा मध्यवर्ती बँकेत ३ लाख आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या आग्रहावरून सप्टेंबर २०२४ मध्ये ९ लाख रुपये एकरकमी म्युच्युअल फंडात घातले, ५ लाख फ्लेक्सी कॅपमध्ये (लहानमोठ्या सर्व आकारांच्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) आणि ४ लाख स्मॉल कॅपमध्ये (लहान कंपन्यांचे शेअर घेणारा). मार्च २०२५ मध्ये त्यांचे ७ लाख ३५ हजार झाले आहेत. कर्मचारी पेन्शन योजनेचे महिना २,७०० रुपये मिळतात, दीड एकर ऊस आहे, घर स्वतःचे आहे आणि दोघांचा मासिक खर्च २२ हजारांच्या आसपास आहे. पतसंस्थेचे चेअरमन त्यांचे वर्गमित्र आहेत. संस्थेने नुकतीच ३६ महिन्यांची साडेदहा टक्क्यांची विशेष ठेव योजना आणली आहे. त्यांचा प्रश्न असा: ‘बाजारातला जुगार बंद करून उरलेले सगळे पैसे घरच्या पतसंस्थेत टाकावेत, की मुलगा म्हणतो तसे डोळे मिटून थांबावे? मेहुणे तर म्हणतात, आत्ताच आणखी घाला.’

नमस्कार.

तुमचे पत्र आकड्यांसह आले याचे समाधान वाटते, कारण या विषयावरची बहुतेक पत्रे ‘बाजार पडला, काय करू’ एवढ्यावरच संपतात. तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. पतसंस्थेतील पैसा सुरक्षित आहे, हे तुम्ही धरले आहे. बाजारातील पैसा थांबले की परत येतोच, हे तुमच्या मुलाने धरले आहे. दोन्ही विधाने तपासल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही. आधी पतसंस्थेकडे पाहू, कारण तुमची अधिक रक्कम तिथे आहे आणि तिच्याविषयी तुम्ही एकही शंका लिहिलेली नाही.

फंडाचे मूल्य रोज रात्री मोबाइलवर दिसते आणि ते कमी झालेले दिसले की पोटात गोळा येतो. पतसंस्थेच्या पावतीवर मात्र ४ लाख हा आकडा पहिल्या दिवशी होता तसाच आज आहे. मात्र पावतीवरील आकडा हे संस्थेने दिलेले वचन आहे आणि ते पाळण्याची संस्थेची कुवत रोज कमीजास्त होत असते. ती पावतीवर छापली जात नाही, इतकेच. फंडाच्या बाबतीत घट आधी दिसते, पतसंस्थेच्या बाबतीत ती दिसते तेव्हा बहुधा शटर खाली आलेले असते.

बँक आणि पतसंस्था यांच्यातील कायदेशीर फरक आपल्याकडे शिकलेल्या माणसांनाही नीट माहीत नसतो, म्हणून तो स्पष्ट सांगतो. राष्ट्रीयीकृत, खासगी, लघुवित्त, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी या सर्व बँकांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू असतात आणि त्यांतील ठेवींना ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण असते. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत ५ लाख रुपये आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तर सर्वसाधारणपणे ९० दिवसांत ही रक्कम मिळण्याची तरतूदही झाली. पतसंस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आणि सहकार निबंधकांच्या देखरेखीखाली चालणारी संस्था असते. ती बँक नसते आणि तिच्या ठेवींना या महामंडळाचा विमा नसतो. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणारी, असे बिरूद लावणाऱ्या संस्थांची नोंदणी दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे असते. त्यांनाही हा विमा नाही. जळगाव आणि बीड जिल्ह्यांतील मोठ्या मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्यावर हजारो ठेवीदारांना हा फरक पहिल्यांदा कळला.

याचा अर्थ जिथे विमा आहे तिथे चिंता नाही, असाही होत नाही. पुण्यातील रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली साडेनऊ वर्षे ठेवीदार खेटे घालत राहिले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. पुढे ती बँक एका लघुवित्त बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांची विम्यापलीकडील रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळेल अशी ती योजना आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईतील न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि दोन आठवड्यांनी ठेवीदारांना २५ हजार रुपयांपर्यंत काढण्याची मुभा मिळाली. सहकारी बँका वाईट असतात असे मी म्हणत नाही; महाराष्ट्रात उत्तम चालणाऱ्या नागरी बँका पुष्कळ आहेत. एवढेच म्हणतो की सहकारी बँकेत एका नावावर व्याज धरून ५ लाखांच्या आत राहील इतकीच रक्कम ठेवावी. तुमचे जिल्हा बँकेतील ३ लाख त्या मर्यादेत आहेत, त्यांना हात लावू नका.

आता तुमच्या वर्गमित्रांविषयी. त्यांच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही आणि त्याची गरजही नाही, कारण माझी काळजी वेगळीच आहे. तुमच्या पतसंस्थेने कर्जे कोणाला दिली असतील याचा विचार करा. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरसाठी, तोडणी टोळ्यांना उचल देण्यासाठी मुकादमांना, ठिबक आणि बोअरसाठी बागायतदारांना, खतांच्या दुकानदारांना आणि चार पैसे उसाच्या बिलातून येतात म्हणून चालणाऱ्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांना. उसाचे पैसे गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत मिळावेत असा नियम असला तरी थकलेले बिल ही तुमच्या भागातील कोणालाही समजावून सांगावी लागणारी गोष्ट नाही. ज्या वर्षी कारखान्याचे बिल लांबते त्या वर्षी या सगळ्यांचे हप्ते एकदम थकतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात काय झाले हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे: शेत, गोठा, दुकान आणि दुकानातील माल, सगळे एकाच आठवड्यात पाण्याखाली गेले.

आणि नेमक्या त्याच वर्षी तुमचे दीड एकराचे बिलही लांबणार. म्हणजे तुमची नोकरी ज्या कारखान्यात झाली, तुमचे शेत ज्या कारखान्यावर अवलंबून आहे आणि तुमची पतसंस्था ज्यांना कर्ज देते ते कर्जदार, हे सारे एकाच नदीच्या पाण्यावर आणि एकाच पिकाच्या भावावर उभे आहे. घरात पैशांची सर्वाधिक गरज पडेल त्याच महिन्यात पतसंस्थेला पैसे देणे सर्वाधिक अवघड जाईल. चेअरमन कितीही प्रामाणिक असले तरी हा धोका त्यांच्या हातात नाही. १६ लाख तिथे असताना आणखी ७ लाख त्याच टोपलीत घालावेत, हे मला पटत नाही.

साडेदहा टक्क्यांच्या विशेष योजनेबद्दल मात्र मी अधिक स्पष्टपणे लिहितो. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने कमी करून ६.२५ टक्के केला. जवळजवळ पाच वर्षांतील ही पहिली कपात होती आणि बँकांचे ठेवींचे दर त्यानंतर हळूहळू खाली येतील अशी चिन्हे होती. २०२५ च्या सुरुवातीला मोठ्या बँका ज्येष्ठांना साडेसात टक्क्यांच्या आसपास देत होत्या. एखादी संस्था याच सुमारास आपला दर वाढवते, तेव्हा तिला ठेवींची एवढी निकड का भासते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ठेवीवर साडेदहा द्यायचे तर कर्ज चौदा-पंधरा टक्क्यांनी द्यावे लागते आणि त्या दराने कर्ज तोच घेतो ज्याला बँकेने दारातून परत पाठवलेले असते. कदाचित कारण निर्धोक असेल; नवी शाखा असेल, हंगामी कर्जवाटप असेल. पण ते कारण तुम्हाला सभासद म्हणून कळायला हवे. सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेचा अहवाल घरी आलेला असेल, तो काढा. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग अ, ब, क की ड आहे, निव्वळ एनपीए (थकलेली कर्जे) किती आहे, ठेवींच्या मानाने कर्जे किती आहेत आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील येणे किती दाखवले आहे, एवढी चार ठिकाणे पाहिली तरी पुरे. मागील तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिल्यास एनपीएचा आकडा कोणत्या दिशेने जातो आहे हे लिपिक म्हणून काम केलेल्या तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. एकच आकडा दरवर्षी जशाच्या तसा छापलेला दिसला तर तोही संशयाचाच समजा.

आता बाजाराकडे वळतो, आणि इथे मुलाचा मुद्दा तपासायचा आहे. सेन्सेक्स २७ सप्टेंबर २०२४ रोजी ८५,९७८ या उच्चांकाला पोचला. तुमचे ९ लाख त्याच महिन्यात गेले, हे तुमचे दुर्दैव खरे. त्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी अशा सलग पाच महिन्यांत निफ्टी घसरला, असे १९९६ नंतर प्रथमच घडले. हे लिहीत असताना, मार्च २०२५ च्या मध्याला, सेन्सेक्स ७३-७४ हजारांच्या घरात होता. उच्चांकापासूनची ही घट सुमारे चौदा टक्क्यांची होती. तुमचा फ्लेक्सी कॅप फंडही जवळजवळ तेवढाच उतरला आहे आणि स्मॉल कॅप फंड चोवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या फंडांत काही विपरीत घडलेले नाही. लहान कंपन्यांचे भाव चढताना अधिक चढतात आणि उतरताना अधिक उतरतात, हा त्यांचा नित्याचा स्वभाव आहे. तो तुम्हाला पैसे घालण्यापूर्वी कोणी सांगितला होता का, हा खरा प्रश्न आहे.

घसरणीची कारणे गूढ नाहीत. भाव कंपन्यांच्या नफ्याच्या मानाने फार वर गेले होते. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे निकाल अपेक्षेपेक्षा फिके आले. चीनने सप्टेंबरअखेर आपल्या अर्थव्यवस्थेला चालना देण्याचे उपाय जाहीर केल्यावर परदेशी पैसा तिकडे वळला. अमेरिकेत रोख्यांवर चांगला परतावा मिळू लागला आणि आयात शुल्काच्या घोषणांनी अनिश्चितता वाढली. परदेशी गुंतवणूकदारांनी एकट्या ऑक्टोबरात सुमारे ९४ हजार कोटी रुपयांचे शेअर विकले. विक्रेते अधिक आणि खरेदीदार कमी झाले की भाव उतरतात, बाजारपेठेत टोमॅटोचे होते तसेच. टोमॅटोचा भाव पडला म्हणून शेत नाहीसे होत नाही, आणि तुमच्या फंडातील कंपन्या आजही माल विकत आहेत, पगार देत आहेत, नफा मिळवत आहेत. जुगार आणि हे यांतील फरक इथेच आहे: पत्त्यांच्या डावात एकाने गमावलेले दुसऱ्याने घेतलेले असते आणि मागे काहीच उरत नाही.

पण म्हणून ‘थांबलो की परत येतोच’ हेही तितकेच अर्धे सत्य आहे. मुलाला बहुधा २०२० आठवत असेल. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी कोसळून २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जुना उच्चांक ओलांडला. आठ महिन्यांत सारे भरून निघाले. त्याच्या वयाच्या गुंतवणूकदारांचा बाजारावरील विश्वास या एका अनुभवावर पोसला गेला आहे. जानेवारी २००८ ची गोष्ट वेगळी होती. २१ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये सव्वाआठ हजारांच्या खाली आला; साठ टक्क्यांहून अधिक घट. शंभराचे चाळीस झाले तर पुन्हा शंभर होण्यासाठी दीडशे टक्के वाढ लागते, हे गणित घसरणीच्या वेळी कोणी मांडत नाही. २०१० च्या दिवाळीत तो २१ हजारांना पुन्हा शिवला, पुढच्याच वर्षाअखेरीस पंधरा-साडेपंधरा हजारांपर्यंत खाली आला आणि २१ हजारांच्या कायमचा वर गेला तो २०१४ मध्ये. सहा वर्षे. जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या डिसेंबरात गाठलेली पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले, म्हणजे चौतीस वर्षे लागली. पस्तीस वर्षांचा माणूस सहा वर्षे थांबू शकतो. ६२ वर्षांच्या माणसाला ती सहा वर्षे घरखर्च कुठून भागणार हे आधी ठरवावे लागते, आणि तुमच्या मुलाने ९ लाखांचा आकडा ठरवताना हे विचारले नसावे.

शिवाय निर्देशांक सावरतो तेव्हा त्यातील प्रत्येक कंपनी सावरते असे नाही. बुडालेल्या कंपन्या निर्देशांकातून वगळल्या जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणून मेहुण्यांनी एखाद्या ‘स्वस्त झालेल्या’ शेअरचे नाव सुचवले असेल तर ते बाजूला ठेवा. ठेवी मोडून आत्ता आणखी पैसे बाजारात घालण्याचा त्यांचा सल्लाही तुमच्यासाठी योग्य नाही. मेहुण्यांना नियमित पेन्शन असेल, तुम्हाला ती महिना २,७०० रुपये आहे.

बँक आणि बाजार ही दोन वेगळी जगे आहेत असे तुम्ही मानता म्हणून एक जुनी हकिगत सांगतो. २००१ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकही कोसळली, कारण तिने केतन पारेख या दलालाला नियम डावलून मोठमोठी कर्जे दिली होती. तिचे ठेवीदार बाजाराच्या वाटेला कधी गेलेले नव्हते.

मग सगळी रक्कम पोस्टातच का ठेवू नये, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या पत्नी ५८ वर्षांच्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. या संसाराला अजून पंचवीस-तीस वर्षे चालायचे आहे असे धरूनच हिशेब करायला हवा. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर आजचा २२ हजारांचा खर्च बारा वर्षांत ४४ हजार होतो, आणि मुदत ठेवीचे व्याज आहे तिथेच राहते. या एकाच कारणासाठी पैशाचा काही भाग बाजारात असावा असे माझे मत आहे. तुमच्या परिस्थितीत तो एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावा, एक तृतीयांश नव्हे.

याप्रमाणे मी काय करीन ते सांगतो. पतसंस्थेच्या पावत्या आज मोडू नका. मुदतपूर्व मोडल्यास व्याज कापले जाईल, आणि चेअरमन मित्रांनाही एकदम मोठी रक्कम काढली गेल्याचा त्रास होईल. तुमची पहिली पावती जूनमध्ये आणि बाकीच्या दर तिमाहीला एक अशा पुऱ्या होत आहेत, ही सोयीची गोष्ट आहे. जूनची पावती नूतनीकरण न करता रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेतील तुमच्या खात्यावर वर्ग करण्याचा अर्ज मुदतीच्या आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. पैसे ठरल्या दिवशी आले तर संस्थेच्या प्रकृतीविषयी तुम्हाला कोणत्याही अहवालापेक्षा चांगली माहिती मिळेल. ‘साहेब, या महिन्यात जरा अडचण आहे, निम्मे रिन्यू करा’ असे उत्तर आले तर मैत्री बाजूला ठेवून तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करा आणि उरलेल्या तीन पावत्यांचीही मागणी नोंदवा. संस्था अडचणीत आल्यानंतर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चिती आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठीच्या १९९९ च्या राज्य कायद्याखालील कारवाई हे सगळे मार्ग आहेत, पण त्यांना वर्षे लागतात. अर्ज आधी दिला की रांगेत आधी उभे राहता येते, एवढाच काय तो फायदा.

पहिल्या तीन पावत्यांचे १२ लाख जसजसे येतील तसतसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. या योजनेमागे केंद्र सरकार आहे, मुदत पाच वर्षांची असते, व्याज दर तिमाहीला खात्यावर जमा होते आणि कमाल मर्यादा ३० लाख आहे. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. नव्या खात्यांचा दर सरकार तिमाहीला ठरवते, पण तुम्ही ज्या दराने खाते उघडाल तो पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो. प्रत्येक वेळी वेगळे खाते उघडता येते. वर्षाच्या आत खाते बंद केले तर व्याज मिळत नाही आणि नंतर बंद केले तर एक ते दीड टक्का कापला जातो, हे ध्यानात असू द्या. १२ लाखांवर पतसंस्थेत वर्षाला १ लाख १४ हजार मिळत होते, इथे ९८,४०० मिळतील. फरक महिन्याला तेराशे रुपयांचा आहे. सोळा लाखांपैकी बारा लाखांच्या काळजीतून सुटण्यासाठी महिना तेराशे रुपये ही किंमत मला जास्त वाटत नाही, पण ती तुमच्या खिशातून जाणार आहे म्हणून उघडपणे मांडली.

चौथ्या पावतीतील २ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आजारपण आणि अडीअडचणीसाठी ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च १ लाख ३२ हजार होतो, तो त्यात बसतो आणि पुढची घसरण आली तरी फंड विकावा लागणार नाही. उरलेले २ लाख खुशाल पतसंस्थेत राहू द्या. राष्ट्रीयीकृत बँकेने कागदांचा गठ्ठा मागितला त्या वेळी याच संस्थांनी ओळखीवर दोन दिवसांत कर्जे दिलेली आहेत, हे विसरून चालणार नाही, आणि सभासद म्हणून वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारायचा असेल तर त्या संस्थेत तुमचे काहीतरी असलेले बरे.

फंडांबाबत: आज काहीही विकू नका. वर्षाच्या आत पैसे काढल्यास बहुतेक इक्विटी फंडांत एक टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचे शुल्क) लागतो. पण त्याहून मोठे कारण हे की तुम्ही सध्या घाबरलेले आहात. सप्टेंबर उलटून वर्ष पूर्ण झाले की स्मॉल कॅप फंडातील सगळी रक्कम बाहेर काढा, अर्धी निफ्टीच्या निर्देशांक फंडात (निफ्टीतील कंपन्यांचेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घाला आणि अर्धी बँकेत. त्या दिवशी बाजार वर असो की खाली, भाव न पाहता हे करा. भाव पाहून करायचे ठरवले तर ‘अजून थोडे वर येऊ दे’ म्हणत तुम्ही ते कधीच करणार नाही. तोटा झाला असेल तर तो मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात दाखवला की पुढील आठ वर्षांच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो. फ्लेक्सी कॅप फंड आहे तसा किमान सात वर्षे राहू द्या, आणि मोबाइलवरील ते अ‍ॅप महिन्यातून एकदाच उघडा.

ज्या वाचकांना पूर्ण पेन्शन आहे त्यांना बाजारातील हिस्सा यापेक्षा जास्त ठेवता येईल. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी आधी ते फेडावे, कारण चौदा टक्क्यांचे कर्ज फेडण्याइतका खात्रीचा परतावा कोणताही फंड देत नाही. आणि ज्यांच्या गावात पतसंस्थेखेरीज दुसरी सोय नाही त्यांनी पोस्टाकडे पाहावे. ते गावात किंवा जवळपास असते आणि आपल्याला त्याचा विसर पडलेला असतो.

एक बाब तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, ती मला फंडापेक्षा महत्त्वाची वाटली. सगळ्या पावत्या तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत आणि फंडाचा पासवर्ड फक्त मुलाकडे आहे. पतसंस्था, जिल्हा बँक आणि दोन्ही फंड या सर्व ठिकाणी पत्नीचे नॉमिनी म्हणून नाव नोंदवले आहे का, ते याच आठवड्यात तपासा. ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते पत्नीसह संयुक्त उघडता येते, दुसऱ्या नावाला वयाची अट नाही. जूनमध्ये रक्कम बँकेत जमा झाली की दोघांनी मिळून पोस्टात जा. दोघांचे आधार आणि पॅन, दोन-दोन फोटो आणि धनादेश न्या, कारण एक लाखाच्या वरची रक्कम तिथे रोख घेत नाहीत.